दोन कानांची एक तार

गेल्या भाद्रपदात आम्ही दोघे सख्खे भाऊ अठरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हतो. भावाभावांत अबोला धरावयाची जी कारणे आपल्याकडे सर्वमान्य आहेत, म्हणजे शेताचा बांध, वडिलांचे घर, बायकांची कुरबुर, त्यांतले एकही कारण आमच्यापाशी नव्हते. आमचा अबोला झाला तो एका बास गिटारीवर बसवलेल्या दोन पिकअपांवरून. हे ऐकून आमच्या शेजारच्या काकूंनी पदर तोंडाला लावला होता. वाचकही हसणार असतील तर त्यांनी खुशाल हसून घ्यावे. मग पुढे सांगतो.

आम्ही मिरजेचे. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचे गाव. भोपळ्याला मान जोडून, तारा चढवून, घोडीवर जवारी काढीत बसलेले कारागीर पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. अशा गावात जन्म घेऊन माझ्या धाकट्या भावाने हाती धरली ती बास गिटार! तो लग्नाच्या, जत्रेच्या, गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रांत वाजवतो. पुढे उभा असतो गायक, त्याच्या शेजारी गायिका, मागे ढोलक, ऑक्टोपॅड, की-बोर्ड, आणि अगदी मागे, पडद्याच्या सुरकुतीत, आमचे हे चिरंजीव. "तुझा भाऊ तिथे करतो तरी काय?" असे मला शाळेतल्या शिक्षकांनी अनेकदा विचारले आहे. चार जाड तारांवर तो खर्जातले स्वर धरून ठेवतो, एवढेच उत्तर मी देत असे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, धंदा मुलांना इतिहास आणि मराठी शिकवण्याचा, आणि रात्री कादंबऱ्या लिहिण्याचा. माझ्या सातही कादंबऱ्यांतल्या कोणत्याही नायकाने पेटीखेरीज दुसरे वाद्य हाती धरलेले नाही.

झाले असे की, वैशाखात भावाने एक जुनी बास गिटार घ्यायचे ठरवले. अठरा हजार रुपये. माळवदावर पत्रे घालावयासाठी बाजूला ठेवलेली रक्कम मी त्याला काढून दिली. वाद्य दिसायला देखणे होते. मूळचा पिकअप मधोमध, दोन तुकड्यांत विभागलेला. आणि आधीच्या मालकाने घोडीजवळ कुठल्याशा कारागिराकडून कोरून घेऊन आणखी एक, लांबट, निराळ्या जातीचा पिकअप बसवून घेतलेला. दोन पिकअप, दोघांची दोन बटणे. एकटा मधला लावला की आवाज भरदार. एकटा घोडीजवळचा लावला की आवाज रेखीव, थोडा नाकात बोलल्यासारखा. "दादा, आता दोन्ही मिसळले की बघ," तो म्हणाला. दोन्ही मिसळले आणि आवाज पातळ झाला. खर्ज जणू कोणी गाळणीतून गाळून घेतला! त्याला वाटले, घरचा छोटा अँप्लिफायर कमकुवत आहे, मोठ्या मांडवात नीट होईल.

मोठ्या मांडवातही झाले नाही. गौरी-गणपतीतल्या एका कार्यक्रमात दोन्ही बटणे पूर्ण फिरवून तो वाजवीत होता, आणि समोर बसलेल्या मला त्याची बोटे दिसत होती, आवाज येत नव्हता. तिसऱ्या गाण्यानंतर ऑर्केस्ट्राच्या मालकाने त्याला बसायला सांगितले आणि की-बोर्डवाल्याला खूण केली. की-बोर्डवाल्याने डाव्या हाताने खर्ज वाजवावयास सुरुवात केली. वाचकांना ठाऊक नसेल, पण बासवाल्यांच्या पोटावर आज जर कोणी पाय देत असेल तर तो हाच डावा हात! एका माणसाचे मानधन वाचते. घरी परतताना मी त्याला म्हणालो, "अठरा हजारांचे भंगार आणलेस." तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही बोलला नाही, आणि मग अठरा दिवस.

माझा दोष मला चौथ्या दिवशीच कळला होता, पण मोठ्या भावाने कमीपणा कसा घ्यावयाचा, हे आपल्याकडे कोणी शिकवीत नाही. तेव्हा मी मास्तरकीच्या सवयीने निराळाच मार्ग धरला. मी त्या पिकअपांचा इतिहास वाचावयास बसलो.

पिकअप म्हणजे वाद्याचा कान. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. त्याच्यावरून पोलादाची तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांतून तेवढीच थरथरणारी वीज वाहू लागते. फॅरेडेने १८३१ साली लावलेला शोध तो हाच. पण तारवाद्याला त्याचा खरा उपयोग व्हावयास शंभर वर्षे जावी लागली. १९३१-३२ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी नालाच्या आकाराची चुंबके बसवून एक गिटार केली. तिचा आकार इतका चमत्कारिक की लोक तिला तळणीचा तवाच म्हणत.

बासची अडचण गिटारीहून मोठी होती. जुना उभा बास माणसाहून उंच, आणि भोवती तुताऱ्यांची फौज असली की त्याचा आवाज कोणाच्या गावी नाही. सिअॅटलमध्ये पॉल टटमार्क नावाचे एक संगीतशिक्षक होते. बासवाल्याची मोटार त्या एकट्या वाद्यानेच भरून जाते आणि बिचारा सोबत्यांविना एकटा प्रवास करतो, हे पाहून त्यांना हळहळ वाटली असे सांगतात. त्यांनी १९३६ च्या सुमारास भरीव लाकडाचा, आडवा धरावयाचा, पडदे असलेला विजेचा बास केला. थोडे खपले आणि तो विसरला गेला. मास्तर लोकांच्या शोधांचे बहुधा असेच होते.

यशाचा टिळा लागायचा होता तो लिओ फेंडरच्या कपाळी. हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा. शिक्षण हिशेबनिसाचे, एक डोळा काचेचा, १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचे दुकान; आणि मौज अशी की त्याला गिटार वाजवता येत नसे. १९५१ साली त्याने बास गिटार बाजारात आणली. चौतीस इंच लांबीची तार आणि मानेवर पडदे. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून नावच 'प्रिसिजन'. तिला एकच पिकअप होता, एकाच वेटोळ्याचा. लायनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात मंक माँटगोमेरी ती घेऊन उभा राहिला, तेव्हा मागच्या रांगेतल्या श्रोत्याला खर्जाचा स्वर नीट उमगू लागला.

पण एका वेटोळ्याच्या कानाला एक खोड असते. तो तार ऐकतो तशीच घरातली वीजही ऐकतो. दिवे, पंखे, ट्रान्सफॉर्मर यांची घुंघूं त्यात शिरते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. बासच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा स्वर आहे ४९ कंपनांचा. म्हणजे आपल्या मांडवातली घुंघूं नेमकी त्या स्वराच्या कुशीला येऊन बसते आणि जरा बेसूर लागते! अमेरिकेत वीज साठ हेलकाव्यांची, तेव्हा तेथे ती दोन पडद्यांच्या सांदीत पडते. बेसूर ती तिथेही आहेच.

१९५७ साली फेंडरने यावर केलेला उपाय मला फार आवडला. त्याने पिकअपचे दोन तुकडे केले. दोन तारांना एक, दोन तारांना दुसरा. दोघांची चुंबके उलटसुलट आणि वेढेही उलटसुलट. तारेच्या बाबतीत दोनदा उलटे झाले की सुलटे होते, म्हणून तारेचा आवाज एकाच दिशेने येतो. घुंघूं मात्र चुंबकाला विचारीत नाही, ती थेट वेढ्यांत शिरते. तेथे एकदाच उलटे होते, आणि दोन तुकड्यांतली घुंघूं एकमेकींना खाऊन टाकते. दोन वेटोळ्यांनी घुंघूं मारण्याच्या युक्तीवर तिकडे गिब्सन कंपनीच्या सेठ लव्हरनेही १९५५ साली गिटारीच्या पिकअपसाठी पेटंटचा अर्ज केला होता. शिष्य जोडीत नापास झालेला गणिताचा पेपर मला त्या रात्री आठवला: उणे गुणिले उणे बरोबर अधिक. पंचवीस वर्षांपूर्वी कोणी हे असे शिकवले असते तर मीही गणितात पास झालो असतो.

एवढ्यावर भागले असते, पण माणसाला एका आवाजावर समाधान कुठले! फेंडरने १९६० मध्ये 'जॅझ बास' काढला. त्याला दोन पिकअप दिले, एक मानेच्या बाजूला आणि एक घोडीजवळ. जे मी इतकी वर्षे डोळ्यांनी पाहून कानांनी ओळखले नव्हते ते येथे समजले. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार आपोआप उमटतो, हे मिरजेतले पोरही जाणते. त्यास आपण स्वयंभू गंधार म्हणतो. एकच तार सबंध थरथरते, त्याच वेळी अर्ध्या-अर्ध्या भागांत थरथरते, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागांतही थरथरते. पाचांत विभागते तेव्हा गंधार निघतो. आता पिकअप तारेच्या कोणत्या जागेखाली आहे यावर सारे अवलंबून. घोडीजवळ सबंध तारेचा हेलकावा लहान, म्हणून तिथला कान मूळ स्वर कमी आणि स्वयंभू स्वर जास्त ऐकतो. मानेकडचा कान मूळ स्वर पोटभर ऐकतो. आणि एखादा कान नेमका पाचव्या भागाच्या स्थिर बिंदूखाली बसवला, तर जगातला तो सर्वांत महाग पिकअप असला तरी गंधाराला बहिराच!

दोघे कान एकत्र केले की बेरीज होते असे आपल्याला वाटते. ती होतेही, पण मूळ स्वराची. मधल्या काही स्वयंभू स्वरांत, एका पिकअपवर तार वर जात असते त्याच क्षणी दुसऱ्यावर खाली येत असते. तिथे बेरजेची वजाबाकी होते. म्हणून दोन पिकअपांचा मिसळलेला आवाज दोघांपैकी कोणाचाच नसतो, मधून थोडा पोखरलेला आणि गोडसर असा तिसराच असतो. जॅझ बासचे दोन्ही पिकअप सारखेच, फक्त उलटसुलट. दोन्ही बटणे सारखी फिरवली की घुंघूंही जाते. एक बटण किंचित कमी केले की ती पुन्हा दारात उभी.

आता यात माणसांच्या आवडी आल्या. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमर्सन हा एकाच पिकअपच्या प्रिसिजनवर आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवीत आला. याउलट जॅको पास्टोरियस. हा जन्मला १९५१ साली, म्हणजे विजेच्या बासच्या यशाच्याच वर्षी. याने १९६२ च्या जॅझ बासवरचे पडदे काढून टाकले आणि घोडीजवळच्या पिकअपमधून वाद्याला गाता केले. १९७६ ची त्याची पहिली तबकडी मी भावाच्या मोबाईलवर ऐकली, म्हणजे तो झोपला असताना. मला विचाराल तर मी जेमर्सनच्या बाजूचा. पण गाणारा बास ऐकून झोप उडाली हेही खरे.

साहजिकच लोकांना दोन्ही हवेसे झाले: पोटात प्रिसिजनचा दुभंगलेला पिकअप आणि घोडीजवळ जॅझ बासचा लांबट. हौशी वादकांनी आपापल्या वाद्यांना भोके पाडून घेतली, मग कारखान्यांनीही तसे बास काढले. बफेलो शहरच्या बिली शीहानने तर आपल्या प्रिसिजनला मानेशी गिब्सनचा भलाथोरला पिकअप बसवला, आणि दोघांचे पटावयाचे नाही हे ओळखून दोघांना दोन वेगळ्या वायरी देऊन दोन वेगळ्या अँप्लिफायरांत पाठवले. वेगळ्या चुली, म्हणावे तसे. कॅलिफोर्नियाच्या अलेम्बिक कंपनीने सत्तरीच्या दशकात प्रत्येक पिकअपला आपापले इलेक्ट्रॉनिक मंडळ दिले, म्हणजे एकाचे ओझे दुसऱ्यावर पडू नये. कारण भिन्न जातीचे पिकअप नुसत्या तारांनी जोडले की एक दुसऱ्याची वीज ओढतो, आणि एकाचे बटण फिरवावे तर दुसऱ्याचाही सूर बदलतो. घोडीखाली स्फटिकाचा पिकअप बसवला तर हे इतके विकोपाला जाते की मधे स्वतंत्र मंडळ घातल्याशिवाय मिसळणेच होत नाही.

हे वाचीत असता एका ओळीपाशी मी थांबलो. दोन पिकअपांपैकी एकाच्या दोन वायरी जर उलट जोडल्या गेल्या, तर मधल्या स्वरांची व्हावयाची वजाबाकी मूळ स्वराचीच होते. प्रत्येक पिकअप एकटा असताना निर्दोष. दोन्ही लावले की खर्ज नाहीसा. आणि दोन्ही बटणे जितकी सारखी करावी, तितका तो अधिक नाहीसा!

पितृपक्ष चालू होता. मी भावाच्या खोलीच्या दाराशी गेलो आणि म्हणालो, "अरे, त्या दोन पिकअपांतले एक बटण अर्धे कमी केले की आवाज वाढतो का रे?"

त्याने पाहिले नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "वाढतो. का?"

आम्ही वाद्य उचलून स्टेशनाच्या वाटेवरच्या एका म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. आता त्यांच्याकडे रेडिओ कोणी आणीत नाही. मिक्सर आणि पंखे येतात. त्यांच्याजवळ काट्याचा जुना मीटर होता. आकड्यांच्या मीटरपेक्षा येथे काट्याचाच उपयोग, कारण क्षणाचा हेलकावा डोळ्यांना दिसावा लागतो. त्यांनी मधल्या पिकअपच्या वायरी सोडवून मीटरला लावल्या, सर्वांत बारीक माप धरले आणि लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चुंबकावर टेकवले. काटा तीळभर उजवीकडे हलला. दुसऱ्या तुकड्यावर टेकवले, तोही उजवीकडे. फेंडरची १९५७ ची युक्ती माझ्या डोळ्यांदेखत मिरजेत सिद्ध होत होती! मग घोडीजवळच्या पिकअपच्या वायरी त्याच रीतीने लावल्या, टोक टेकवले. काटा डावीकडे गेला.

"दादा, परत," भाऊ म्हणाला. परत डावीकडे.

म्हाताऱ्याने चष्मा वर केला आणि ज्या कोणी तो पिकअप बसवला होता त्याला एक सणसणीत शिवी हासडली. ती दिवाळी अंकात छापता येत नाही. दोन वायरींची अदलाबदल करावयास सहा मिनिटे लागली. त्यांनी चाळीस रुपये घेतले, आणि मी शंभराची नोट पुढे केली तर उरलेले मोजून परत दिले.

त्यांच्याच दुकानात, पंख्यासाठी आणलेल्या एका जुन्या अँप्लिफायरला जोडून भावाने जाड तार छेडली. दोन्ही बटणे पूर्ण. कपाटातल्या बाटल्या आणि टेबलावरचे स्क्रू हलले. तो हसला नाही. त्याने डोळे मिटले आणि एकच स्वर पुन:पुन्हा वाजवीत राहिला. मला सांगावयाचे होते ते शब्द मी घरून जुळवून आणले होते, पण त्या आवाजात ते बोलणे शक्यच नव्हते. परतताना मी एवढेच म्हणालो, "भंगार म्हणालो ते चुकलेच माझे." तो म्हणाला, "सोड." मग म्हणाला, "पत्र्याचे पैसे दिवाळीपर्यंत देतो." मी म्हणालो, "पाऊस तर संपला."

सगळेच सुरळीत झाले असे मात्र नाही. घोडीजवळचा पिकअप एका वेटोळ्याचा आहे. मधला स्वत:पुरता घुंघूंमुक्त असला तरी त्याची घुंघूं मारण्यास तो धावून जात नाही. त्यासाठी उलट घुंघूंचा जोडीदार लागतो आणि तो येथे नाही. त्यावर दोन वेटोळ्यांचा पिकअप मिळतो, पण त्याची किंमत ऐकून आम्ही दोघेही गप्प बसलो. त्या जुन्या ऑर्केस्ट्राच्या मालकानेही त्याला परत बोलावले नाही. तेथे अजून डावा हातच खर्ज सांभाळतो.

नवरात्रात तिसऱ्या माळेला जवळच्या एका गावी त्याला दुसऱ्या एका मंडळींनी नेले. मीही गेलो. देवळाच्या मागे, दिव्यांच्या माळांपासून लांब उभे राहिले की घुंघूं कमी होते हे त्याने शोधून काढले आहे, म्हणून तो पूर्वीपेक्षाही मागे उभा होता. मला तो दिसत नव्हता. बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या एका आजोबांनी दुसऱ्या गाण्याला बाकाच्या फळीवर हात ठेवला आणि तो गाणे संपेपर्यंत उचलला नाही.

घरी आल्यावर भावाने सौ.कडून नखांचा लाल रंग मागून घेतला आणि दोन्ही बटणांवर एकेक ठिपका दिला. मधला पूर्ण, घोडीजवळचा तीन-चतुर्थांश. मग वाद्य भिंतीला टेकवून मला म्हणाला, "दादा, मुलांना सांगून ठेव, याला कोणी हात लावायचा नाही. आणि तूसुद्धा."